बिनपेढ्यांचा राजीनामा

सकाळच्या हजेरीला जोतीरामनं "शिवलीला" असं नाव पुकारलं आणि दुसऱ्या रांगेतून "न्हाय" असं उत्तर आलं. उत्तर देणारी शिवलीलाच होती. टोपी सरळ, पट्टा घट्ट, बुटाला पॉलिश, नजर समोरच्या भिंतीवर. हजर असणाऱ्या माणसाला जे जे लागतं ते सगळं तिच्याजवळ होतं, फक्त ती हजर नव्हती. रांगेत कुणीतरी नाकातून हसलं. जोतीरामनं पुन्हा नाव घेतलं. "न्हाय, मेजर," ती म्हणाली, आवाज न चढवता, साखर आहे का विचारल्यावर दुकानदार सांगतो तसं. पोलीस ठाण्याच्या हजेरीत माणसाला काय काय होता येतं हे जोतीरामला पाठ होतं. हजर होता येतं, रजेवर जाता येतं, सिक होता येतं, कोर्टात असता येतं, कुणाला न सांगता गैरहजर होता येतं. समोर उभं राहून नसणं मात्र कुठल्या रकान्यात बसत नव्हतं. त्यानं पेन कागदावर टेकवलं, उचललं आणि पुढचं नाव घेतलं. "रुद्रय्या." "संलग्न!" अख्खी रांग एका सुरात म्हणाली, कारण हा ठाण्याचा रोजचा एकुलता एक विनोद होता. रुद्रय्या स्वामी हा अंमलदार ठाण्याच्या पटावर होता आणि कैक वर्षं मुख्यालयाच्या रोपवाटिकेला संलग्न होता. तो तिथं गुलमोहराच्या रोपांना पाणी घालत असे असं म्हणत. एकदा तो स्वतःच्या कसल्याशा दाखल्यासाठी ठाण्यात आला तेव्हा टेबलावरच्या अंमलदारानं त्याला "बसा पावणं, काय तक्रार हाय?" असं विचारलं होतं. पण माणसं किती असं वरून कुणी विचारलं की रुद्रय्या मोजण्यात येई. रांग हसत होती, आणि जोतीरामच्या मानेत सकाळीच एक बारीक शीर ओढल्यासारखी झाली. ती दिवसभर तशीच राहणार हे त्याला कळलं.

जोतीराम हुद्द्यानं सहायक फौजदार होता, पण कुणाला कुठं उभं करायचं हे तो ठरवत असल्यामुळं सगळे त्याला मेजर म्हणत. रोज संध्याकाळी तो उद्याच्या ड्युट्या लावायला बसे. शहर मोठं होत चाललं होतं, चौक वाढत होते, मिरवणुका वाढत होत्या, पुतळे तर वाढतच होते, आणि प्रत्येक पुतळ्याला एक माणूस लागत होता. माणसं मात्र आंघोळीच्या साबणासारखी झिजत चालली होती. एकच माणूस तो सकाळी चौकात, दुपारी कोर्टात आणि संध्याकाळी मिरवणुकीत लावी. कागदावर ते तीन दिसत. भूगोलात एक माणूस एका वेळी एका ठिकाणी असतो अशी काहीतरी समजूत असावी. जोतीरामच्या कागदाला ती मान्य नव्हती. आणि तरी माणसांची टंचाई आहे म्हणावं तर तसंही नव्हतं. भरती निघाली की परेड ग्राउंडबाहेर चंदगडपासून शिरोळपर्यंतची पोरं पहाटेपासून रांग लावून बसत. त्यात इंजिनिअर असत, शेतीचे पदवीधर असत, एक तर जनावरांचा डॉक्टर होता. ती पळत, गोळा फेकत, छाती फुगवून दाखवत, लेखीत पास होत, ट्रेनिंग करून ठाण्यात येत, आणि मग टेबलाच्या खणात दुसऱ्या परीक्षेची पुस्तकं ठेवत. एक दिवस पेढे येत. तलाठी झालो मेजर. विक्रीकर निरीक्षक झालो मेजर. कुणी नुसताच बँकेत लागला. ठाण्यात रीतच पडली होती, की सोडून जाणारा पेढे वाटणार, राहणारे ते खाणार, आणि ड्युटी लावणारा हात पुसून त्याचं नाव खोडणार. गेल्या दोन-तीन वर्षांत जोतीरामनं इतके पेढे खाल्ले होते की डॉक्टरनं त्याला साखर तपासून घ्यायला सांगितली. सोडून जाणाऱ्याचं त्याला वाईट वाटत नसे. माणूस वर चालला की वाटेत आडवं कशाला पडायचं? शिवलीलानं मात्र पेढे आणले नव्हते.

हजेरी संपल्यावर साहेबांनी आत बोलावलं. इन्स्पेक्टर साहेब तरुण होते, बाहेरच्या जिल्ह्यातले होते, आणि नुकतेच मनुष्यबळ टिकवण्यावरच्या कार्यशाळेला जाऊन आले होते. तेव्हापासून ते जोतीरामला "बसा" म्हणू लागले होते. टेबलावर शिवलीलाचा अर्ज होता. "वैयक्तिक कारणास्तव सेवेचा राजीनामा देत आहे" एवढंच त्यात होतं, खाली सही.

"मेजर, कारण काय हिचं?"

"लिवलंय की साहेब. वैयक्तिक."

"वैयक्तिक म्हणजे काय? कुठं सिलेक्शन झालंय?"

"न्हाय."

"लग्न?"

"न्हाय."

"मग जाणार कुठे?"

"तेच तर," जोतीराम म्हणाला, आणि पहिल्यांदा त्याला सकाळपासून काय खुपत होतं ते नेमकं सापडलं. जाणाऱ्याला अडवता येतं, कारण तो कुठंतरी जात असतो. तिथं पगार किती, बदली कुठं, साहेब कसा, हे काढून दाखवता येतं. ही कुठंच जात नव्हती. ही नुसती निघत होती. सरकारी नोकरी सोडून नुसतं निघणारा माणूस या जिल्ह्यात त्यानं पाहिला नव्हता. मेलेले पाहिले होते, पण ते सुद्धा अनुकंपा तत्त्वावर घरातला कुणीतरी चिकटवून जात. साहेबांनी अर्ज त्याच्याकडं सरकवला. "मी हा अजून आवक रजिस्टरला घेतलेला नाही. तुमचं ती ऐकते. थांबवा तिला. ठाण्यातली शेवटची महिला आहे ती, मेजर. ही गेली तर उद्या एखाद्या बाईनं गुन्हा केला तर आपण काय करायचं?" जोतीरामला म्हणावंसं वाटलं की बाईंना तसं परिपत्रक काढून कळवूया, पण साहेब कार्यशाळेहून आल्यापासून विनोद गंभीरपणे घेत. त्यानं अर्ज घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला. खिशात तो दिवसभर कडक इस्त्रीच्या कॉलरसारखा टोचत राहिला.

ती शेवटची महिला होती हे खरं, आणि ते तसं जोतीरामनंच केलं होतं, म्हणजे कुणीच केलं नव्हतं, आपोआप झालं होतं. ठाण्यात पूर्वी चांगल्या पाच-सहाजणी होत्या. दोघी बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. एक बाल संगोपनाच्या. एकीला हेल्पलाइनवर घेतलं, तिथं ती एसीत बसून फोन उचलते. एक तलाठी झाली. तिचे पेढे केशरी होते. उरली शिवलीला. बिनलग्नाची, कबनूरची, घरी आईवडील आणि मागं दिवसरात्र खडखडणारे कापडाचे चार लूम. बाई फिर्यादी आली की शिवलीला, बाई आरोपी सापडली की शिवलीला, लेडीज वॉर्डाबाहेर पहारा असला की शिवलीला, पळून गेलेली पोरगी पुण्यात सापडली की तिला आणायला शिवलीला. पुरुषाला पकडायला चार माणसं नसली तर तीन जात. बाईला हात लावायला बाईच लागते, आणि कायद्यानं हे बरोबरच आहे. त्यामुळं शहरातल्या कुठल्याही बाईचं काहीही बिनसलं की त्याचा शेवट कबनूरच्या या पोरीच्या फोनवर होई. जोतीराम तिला सुट्टी देत असे. नियमानं आठवड्याची एक. देताना तो म्हणे, "सुट्टी हाय, पर फोन चालू ठेव." ही त्याची रोजची भाषा होती, सगळ्यांशी तो हेच बोले, आणि ते वाक्य सुट्टीच्या आत किती जागा व्यापतं हे त्याला कधी मोजावंसं वाटलं नव्हतं. एकदा सरकारी दवाखान्यात लेडीज वॉर्डाबाहेर त्यानं तिला पाहिलं होतं. भिंतीला टेकून सरळ उभी, डोळे उघडे. जवळ गेल्यावर कळलं की ती झोपलेली आहे. डोळे उघडे ठेवून, टोपीसह. त्यानं तिला उठवलं नाही. थोडा वेळ शेजारी तोही उभा राहिला, कारण वॉर्डाच्या बाजूला कुणी गेलंच तर निदान एक माणूस जागा असावा, आणि मग बाजूच्या खुर्चीवर बसलेल्या एका म्हातारीनं "ह्यो तुमचा बा का?" असं तिला विचारलं. ती झोपेतच "व्हय" म्हणाली. हे तिला आठवत असायचं कारण नाही. त्याला आठवत होतं, उगाच, आणि त्याची काही गरजही नव्हती.

दुपारी फुटबॉलचा बंदोबस्त होता. दोन तालमींच्या संघांचा सामना, त्यातला एक सेमी-फायनल हरून आलेला, म्हणजे तयारीनं आलेला. शहरात फुटबॉल हा खेळ दोन ठिकाणी चालतो, आत मैदानात आणि बाहेर प्रेक्षकांत, आणि पोलिसांचा संबंध फक्त दुसऱ्या ठिकाणाशी असतो. म्हणून मैदानात पोलीस खेळाकडं पाठ करून उभे राहतात. जोतीरामनं नोकरीत शेकडो सामने केले होते आणि एकही गोल पाहिला नव्हता. गोल त्याला तोंडांवरून कळे. आधी तोंडं उघडतात, मग हात वर जातात, मग कुणीतरी शिव्या देतं, आणि शिवीच्या दिशेवरून गोल कुणी केला हे कळतं. त्यानं शिवलीलाचा पॉइंट महिला गॅलरीत लावला होता. गॅलरीत तीन बायका आणि एक शेंगदाणेवाली होती. तो तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला. दोघांची पाठ मैदानाकडं, तोंड गर्दीकडं. असं एका दिशेला बघत बोलणं सोपं जातं असं त्याला वाटलं होतं. तसं ते गेलं नाही.

"काय गं, सकाळी काय केलंस ते? अख्ख्या रांगेत?"

"खरं बोलले की काका." एकटं असताना ती मेजर म्हणत नसे.

"कुठं लागलंय? सांग तरी. मी काय कुणाला बोलणार हाय?"

"कुठं न्हाय."

"मग करणार काय?"

"झोपणार." ती गर्दीकडं बघत म्हणाली. "पहिलं आठ-पंधरा दिस नुसतं झोपणार. लूमचा आवाज असतोय घरात, त्यात मला लई चांगली झोप लागत्या. लहानपणापासनं. मग बघूया."

"सरकारी नोकरी सोडून झोपणार?"

"नोकरीत झोपता येत न्हाय म्हणून तर सोडाय लागलेय."

मागं मैदानात शिट्टी झाली. समोरच्या तोंडांवर काहीच झालं नाही, म्हणजे फाऊल. जोतीरामनं खिशातला अर्ज चाचपला. त्याच्याकडं बोलायला पुष्कळ होतं, ते त्यानं सकाळपासून लावून ठेवलं होतं, ड्युट्या लावाव्यात तसं, पहिला पॉइंट घर, दुसरा लग्न, तिसरा बाजार. त्यानं सांगितलं की बाहेर काही नाही. इंजिनिअर पोरं पार्सल पोचवायलात. तिनं मान हलवली. त्यानं सांगितलं की अप्पांना काय वाटेल. "अप्पा म्हणले, ये. अव्वा रडली थोडी. मग तीबी ये म्हणली." त्यानं सांगितलं की लग्नाच्या बाजारात सरकारी नोकरीला भाव आहे. यावर ती हसली. "गडहिंग्लजचा एक आलता बघायला. त्याची आई म्हणाली, सून पोलिसात म्हणजे भारीच की. ड्युटी कधी सुटती? मी म्हणलं, सांगता येत न्हाय. ती म्हणाली, साधारण? मी म्हणलं, साधारण पण सांगता येत न्हाय. तेवढ्यात तुमचा फोन आला. एसटी स्टँडवर बाई सापडल्या, लगेच ये. मी पोहं टाकून तशीच उठले. पोहं पण त्यास्नीच खावं लागलं असतील."

"मला काय म्हायती, तू पोहं देत होतीस," जोतीराम म्हणाला. हे बोलण्यात काही अर्थ नव्हता. त्याला आठवलं, तो फोन त्यानं जेवताना केला होता, एका हातात भाकरी, आणि तिचं "येते" ऐकून त्याला बरं वाटलं होतं. त्याच्या कमरेभोवती पट्ट्याची काळी पट्टी पडलेली होती, आंघोळीत घासली तरी न जाणारी, इतकी वर्षं झाली की आता ती जागा बधिर झाली होती; चिमटा काढला तर दुसऱ्या कुणाला काढल्यासारखा वाटे. तिथं आता काहीतरी हुळहुळलं. बोलता बोलता त्यानं वजन उजव्या पायावरून डाव्यावर टाकलं, गुडघा बोलला, आणि त्यानं कठडा धरला. शिवलीलानं ते बघितलं.

"मी गेल्यावर माझ्या जागी कोण लागणार काका?"

"बघूया की."

"कोण बघणार? हाय कोण? साहेब तुमास्नीच बोलणार."

"बोलू दे. बोलायला काय माणूस लागत न्हाय." आणि मग, ते वाक्य उतारावर घसरल्यासारखं कुठं जाणार हे न बघता, तो म्हणाला, "हे बघ. एवढं वाईट असतं तर मी माझ्या पोरीला उतरवली असती काय?"

ती गर्दीकडंच बघत होती.

"पूर्णिमा उतरत्या या भरतीला. रोज पहाटे पळत्या ग्राउंडवर. तूबी बघितली असशील. मीच म्हणलं, उतर. आपलं खातं हाय. कष्ट हाईत, पर आपलं हाय. माझ्या घरातली लक्ष्मी मी या खात्यात घालाय लागलोय, आणि तू चाललीस झोपायला."

यातला पूर्णिमा रोज पहाटे पळते एवढाच भाग खरा होता. बाकी सगळं त्यानं त्याच क्षणी तयार केलं होतं आणि ते इतकं चांगलं तयार झालं होतं की क्षणभर त्याचं त्यालाच पटलं. प्रत्यक्षात घरी पूर्णिमानं भरतीचं नाव काढलं की तो ताट सरकवून उठे. माझ्या घरात एक वर्दी पुरे आहे, असं तो म्हणे. राधानगरीच्या भावाकडं जाऊन म्हशी राख, पण हे नको, असंही एकदा म्हणाला होता, आणि पूर्णिमा बीएस्सी असल्यामुळं ते तिला लागलं होतं. शिवलीलानं त्याच्याकडं मान वळवून बघितलं. बंदोबस्तात गर्दीवरची नजर काढायची नसते, हे त्यानंच तिला शिकवलं होतं, तरी तिनं काढली, आणि बराच वेळ बघत राहिली. त्याला वाटलं, लागलं. बरोबर जागी लागलं. तेवढ्यात समोरची सगळी तोंडं उघडली, हात वर गेले, पत्र्यावर दणादणा पाय आपटले, शेंगदाणेवालीसुद्धा उठली.

"बरं," शिवलीला म्हणाली. गोंगाटात ते नीट ऐकू आलं नाही, म्हणून तिनं परत म्हटलं. "बरं म्हणलं काका. ऱ्हाते. टाका फाडून तो अर्ज."

"खरंच?"

"व्हय की. गोल कुणी केला वं?"

"म्हायत न्हाय," जोतीराम म्हणाला, आणि त्याला इतकं हलकं वाटलं की त्यानं तिथंच तिला संध्याकाळची सुट्टी देऊन टाकली.

साहेब खूश झाले. इतके, की त्यांनी चहा मागवला आणि जोतीरामनं नेमकं काय सांगितलं हे विचारलं. जोतीरामनं सांगितलं की समजावून सांगितलं. साहेबांना एवढ्यानं भागलं नाही. पुढच्या आठवड्यात मुख्यालयात बैठक होती, प्रत्येक ठाण्यानं माणसं टिकवण्यासाठी काय केलं ते सांगायचं होतं, आणि बाकीच्या ठाण्यांकडं योगासनांशिवाय काही नव्हतं. "तुम्हीच बोला मेजर. एक यशस्वी उदाहरण म्हणून. पाच मिनिटं. कुटुंबाचं नातं, विश्वास, असं काहीतरी." जोतीरामच्या डोळ्यासमोर ती बैठक आली: आपण उभे आहोत, पडद्यावर शिवलीलाचा फोटो आहे, आणि आपण इतर ठाण्यांच्या मेजरांना सांगतोय की आधी आपल्या घरात एक पोरगी असावी लागते. चहा कडू लागला. साखर त्यानं डॉक्टरच्या भीतीनं कमी सांगितली होती, तरी कडूपणा तेवढ्याचा नव्हता. बाहेर पडताना मानेतली शीर अजून तशीच होती. अर्ज त्यानं फाडला नव्हता. का नाही ते त्यालाही सांगता आलं नसतं. फाडायला कोपरा धरला आणि कागद नवाकोरा होता म्हणून सोडला, एवढंच.

पोलीस लाइनकडं स्कूटर वळवताना त्याच्या लक्षात आलं की आपण घरी काहीतरी घेऊन चाललोय, आणि ते दिसत नाही. एका पोरीला थांबवण्यासाठी दुसरीला गहाण टाकली होती. शिवलीला आता थांबणार, आणि पहाटे ग्राउंडवर पूर्णिमा दिसली की विचारणार, काय गं, फॉर्म भरलास का? पूर्णिमा म्हणणार, बाबा भरू देत न्हाईत. मग? आयुष्यभर तो साहेबांशी खोटं बोलला होता, कोर्टाशी जेमतेम खरं बोलला होता, आणि त्याचं त्याला काहीच वाटलं नव्हतं. पण या खोट्याला पाय होते आणि ते रोज पहाटे ग्राउंडला चकरा मारणार होते. सिग्नलला उभा असताना त्यानं ठरवून टाकलं. पोरीला हो म्हणायचं. काय बिघडतं? इतक्या पोरी जातात. कदाचित हेल्पलाइनवर लागेल. कदाचित रोपवाटिकेला संलग्न होईल. आपण तोवर निवृत्त होऊ, तिची ड्युटी दुसरा कुणीतरी लावेल, आणि तो तिला जेवताना फोन करेल, हातात भाकरी घेऊन. मागच्यानं हॉर्न वाजवला. सिग्नल सुटून बराच वेळ झाला होता.

घरात बायको, मालन, भाकरी थापत होती. पूर्णिमा दाराशी बसून बुटांचा चिखल खरवडत होती. त्यानं पट्टा काढून खुंटीला लावला, तोंड धुतलं आणि टॉवेलनं पुसत पुसत, आवाज जमेल तितका साधा ठेवून म्हणाला, "भर गं तो फॉर्म."

"कसला?"

"भरतीचा. माझी काय हरकत न्हाय."

स्वयंपाकघरातली थापाथापी थांबली. पूर्णिमा बुटाकडंच बघत राहिली. "मुदत संपली बाबा. गेल्या आठवड्यात."

"आणि?"

"भरला न्हाई मी."

"मी नको म्हणालो म्हणून?"

"न्हाई. तुम्ही नको म्हणत होता तेव्हा तर भरणारच होते. पासपोर्ट साइज फोटो पण काढलेते." तिनं काडीनं टाचेतला चिखलाचा गोळा पाडला. "दूध तपासायच्या लॅबमध्ये मुलाखत हाय सोमवारी. आईला म्हायत हाय."

"मग रोज पहाटे पळतीस कशाला?"

"पळायला आवडतं म्हणून," ती म्हणाली, जसं काही हे कारण जगात आधीपासून होतं. जोतीराम टॉवेल हातात घेऊन उभा राहिला. त्याला जे हवं होतं ते झालं होतं, त्यानं काहीही न करता, किंवा त्यानं केलं त्याच्या उलट. आणि आता पुढं काय वाटून घ्यायचं हे त्याला सुचेना.

"कुणी सांगितलं तुला, भरू नको म्हणून?"

पूर्णिमानं क्षणभर मालनकडं बघितलं. "शिवलीलाताईंनी. ग्राउंडवर भेटतात की त्या, पहारा सुटला की तिथनंच जातात. मी त्यांना विचारलं, ताई, उतरू काय? त्या काय बोलल्या न्हाईत. त्यांच्या मोटरसायकलवर बसूनच झोपल्या. स्टँडवर गाडी, हँडलवर डोकं. मी दोन चकरा मारून आले तरी झोपलेल्याच. मग उठल्या आणि म्हणल्या, तुझ्या बाबांस्नी सांगू नकोस, पण नको भरू. मी म्हणलं, न्हाई भरत. वचनच दिलं त्यांना."

"कधी?"

"झालं की महिना."

मालननं भाकरी तव्यावर टाकली. तिचा वास घरभर पसरला, नेहमीचा, बारीक करपट. जोतीराम खाटेवर बसला. म्हणजे दुपारी गॅलरीत तो बोलत होता, माझ्या घरातली लक्ष्मी वगैरे, तेव्हा तिला सगळं माहीत होतं. तिनं गर्दीवरची नजर काढून त्याच्याकडं बघितलं होतं ते हे. एका फौजदाराला खोटं बोलताना तिनं पकडलं होतं, जबाब घेतला नव्हता, आणि "बरं" म्हणाली होती. पटून थांबणारा माणूस त्याला समजला असता. घाबरून थांबणारा समजला असता. पण ही त्याच्या गुडघ्याकडं बघून थांबली होती. साहेब तुमास्नीच बोलणार, असं ती म्हणाली होती ना? त्याला राग आला. कुणाचा ते ठरेना. आधी तिचा आला, एवढीशी पोरगी आपल्याला सांभाळून घेते म्हणून. मग साहेबांचा आला, त्यांच्या पाच मिनिटांचा. मग खात्याचा आला, पण खात्याचा राग ही इतकी जुनी सवय होती की तिला चवच उरली नव्हती. मग नुसताच राहिला, कमरेच्या बधिर पट्टीवर, पट्टा काढलेला असूनही. त्यानं फोन उचलला.

शिवलीलानं पहिल्या रिंगला घेतला. पाठीमागं कुणी बाई किंचाळत होती आणि स्ट्रेचरची चाकं वाजत होती.

"बोला काका. लवकर बोला."

"कुठं हायस?"

"सरकारी दवाखान्यात. दिवस मावळायच्या आत एक बाई धरली बघा बाजारात, दुसरीच्या पाटल्या कापताना. मेडिकलला आणलीय. तीनच पाटल्या असतील, पर ओरडत्या अशी की आपणच तिच्या कापल्या."

"तुला सुट्टी दिलती की मी."

"दिलती की. फोन चालू ठेव म्हणलासा." ती बाईला दरडावून परत फोनवर आली. "काय काम होतं?"

जोतीरामनं मालनकडं पाठ केली. पूर्णिमा बूट घेऊन बाहेर गेली, बहुधा मुद्दाम. "तुझा अर्ज माझ्याजवळ हाय. फाडला न्हाय. सकाळी मीच नेऊन आवकला टाकतो. साहेबांस्नी काय सांगायचं ते मी सांगतो. तू जा."

पलीकडं बाई ओरडायची थांबली. डॉक्टर आले असावेत. चाकांचा आवाज लांब गेला.

"पूर्णिमा बोलली वाटतं."

"बोलली."

"मी तिला सांगू नको म्हणलं होतं. तरी पोरगी."

"दुपारी गप का बसलीस गं?"

"काय बोलू? तुमी एवढं मन लावून सांगत होतासा." ती हसली असावी, नाकातून हवा आल्यासारखं वाटलं. मग तिचा आवाज बदलला, ड्युटीवरचा झाला, सरळ आणि सपाट. "उद्या नका टाकू काका. उद्या हिला कोर्टात न्यायची हाय, बाई लागणार. माझ्याशिवाय कोण हाय तिथं? परवा टाका."

"परवा?"

"परवा नक्की. ठेवू काय? बोलवाय लागल्यात."

तिनं ठेवला. जोतीराम खाटेवर तसाच बसून राहिला. परवा कुठल्यातरी मंत्र्यांचा दौरा होता, त्यात महिला आघाडीचा मेळावा. पळून गेलेली एक पोरगी हुबळीला सापडली होती, तिला तेरवा आणायची होती. त्यापुढच्या दिवशी काय हे अजून ठरलं नव्हतं, पण काहीतरी असणार याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती. त्यानं उद्याच्या ड्युटीचा कागद टेबलावर घेतला. शिवलीलाचं नाव कोर्टाच्या पुढं लिहिलं. मग कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला परवाची तारीख घातली. परवाच्या ड्युट्या कुणी आज लावत नाही. मालननं "जेवायला घेऊ न्हवं?" असं विचारलं, त्यानं "घे" म्हटलं आणि लिहीत राहिला. चौक, पुतळे, विमानतळ, विश्रामगृह, स्टेज, स्टेजच्या मागं. सगळी नावं टाकून झाली. कागदावर माणसं पुरली, नेहमीसारखी. शेवटी "महिला पॉइंट" असं लिहून त्यानं पुढं एक आडवी रेघ ओढली. त्या रेघेवर दुसऱ्या कुणाचंही नाव बसत नव्हतं, आणि एक बसत होतं ते त्यानं लिहिलं नाही. फोटो काढला आणि साहेबांना पाठवून दिला.

ताटात पहिला घास मोडतोय तोच फोन वाजला. साहेबांचा होता. पूर्णिमानं दारातून बघितलं. जोतीरामनं घास तोंडात घातला आणि फोन वाजू दिला.